हात उडतो म्हणजे कॅल्शियम कमी?

इंदूरला रामबागेत आमच्या मावशीच्या हातातून चहाची बशी दोनदा निसटली. हात मध्येच टुणकन उडायचा, क्षणभरच. शेजारच्या काकूंचं निदान तयार: "कॅल्शियम कमी झालंय, गोळ्या सुरू कर." हे मी लहानपणापासून ऐकतोय. कॅल्शियम कमी झालं तर ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, हात आखडून धरल्यासारखा होतो. विजेसारखा क्षणिक झटका ही निराळी गोष्ट. त्याला मायोक्लोनस म्हणतात, आणि त्याचं एक कारण औषधांच्या डब्यात असू शकतं.

मधुमेहात पायांची आग होते म्हणून प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन देतात. ही औषधं यकृतात जवळपास मोडतच नाहीत, मूत्रपिंडातून जशीच्या तशी बाहेर जातात. मूत्रपिंड मंदावलं की नेहमीचाच डोस अंगात साठतो, मग गुंगी येते, हात उडतात. मधुमेहात मूत्रपिंडही बिघडतं, म्हणून ही जोडी फार भेटते. मावशीचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, वाढलेलंच निघालं. डॉक्टरांनी तिच्या याच गोळीचा डोस कमी केला, आठवड्यात बशी स्थिर.

ट्रामाडोल हे वेदनाशामक आणि नैराश्याची काही औषधं एकत्र घेतल्यावर झटक्यांसोबत घाम, ताप, बेचैनी आली तर मात्र लगेच दवाखाना गाठावा. झोप लागताना अंग दचकतं, ते बहुतेकांचंच.

आणि हो, घाबरून गोळी एकदम बंद करू नका. गाबापेंटिन अचानक सोडल्यास फिट येऊ शकते. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, काकूंनी दिलेली कॅल्शियमचीसुद्धा.