अगाशीवरचे पापड आणि इन्सॅट

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या मामीने जूनमध्ये पापड वाळत घातले आणि मला म्हणाली, "तुझ्या त्या सॅटेलाइटवर बघ रे, आपल्या अगाशीवर ढग येतोय का?"

ढग दिसेल, अगाशी नाही. मोबाइलच्या नकाशात अगाशीवरची टाकीसुद्धा दिसते, पण तो फोटो कित्येक महिन्यांचा, कधी वर्षा-दोन वर्षांचा शिळा असतो.

ढगासाठी अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचं 'मोसडॅक' हे संकेतस्थळ उघडायचं. भारताचे हवामान उपग्रह इन्सॅट-३डीआर आणि २०२४ साली सोडलेला ३डीएस विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्याच गतीने फिरतात, त्यामुळे भारत कायम त्यांच्या नजरेसमोर. दर अर्ध्या तासाला नवं चित्र. तरी त्याला 'लाइव्ह' म्हणताना माझी जीभ अडखळते. उपग्रहातला आरसा पृथ्वी पट्ट्यापट्ट्याने वरून खाली टिपत जातो, त्याला जवळपास २६ मिनिटं लागतात. म्हणजे चित्राचा वरचा भाग खालच्याहून जुना!

रात्री अवरक्त (इन्फ्रारेड) चित्र बघायचं. त्यात उजेड नव्हे, तापमान दिसतं: ढगाचा माथा जितका उंच तितका थंड, आणि तितका पांढरा. पण पांढरा दिसला म्हणून बरसेलच असं नाही. उंचावरचे विरळ ढगही तसेच दिसतात आणि कोरडेच निघून जातात.

जमीन बघायची तर उपग्रह खाली हवा. नासाच्या 'वर्ल्डव्ह्यू' संकेतस्थळावर काही तासांपूर्वीची चित्रं मिळतात (वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत; साडेपाच तास मिळवा), पण त्या रोजच्या चित्रांतला सर्वांत बारीक ठिपकाही (पिक्सेल) २५० मीटरच्या आसपास. युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा. मामीची अख्खी अगाशी एका ठिपक्यात. तो मात्र साधारण पाच दिवसांनी परततो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा या कॅमेऱ्यांना वरून नुसती ढगांची पांढरी चादर दिसत होती. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून आरपार बघतं. सपाट पाण्यावरून त्याच्या लहरी दुसरीकडेच परावर्तित होतात, म्हणून पाणी काळं दिसतं. शेतांत हे छान ओळखू येतं. घरांच्या दाटीत, जिथे आपल्याला हवं असतं तिथे, भिंतींवरून लहरी उलट येतात आणि चित्र फसवतं.

मामीला साडेबाराचं चित्र दाखवलं.

"आणि आत्ता किती वाजले?"

सव्वा वाजला होता. पापड तोवर तिने आत आणले होते.