पॅरासिटामॉलचं विष गोळीत नसतं, ते लिव्हरमध्ये बनतं

पोळा झाला की नागपुरात घरोघरी ताप सुरू होतो. डेंगू असो की साधं व्हायरल, फ्रीजवर किंवा देवघराच्या बाजूच्या डब्यात पॅरासिटामॉलची, 650 मिलिग्रॅमच्या गोळ्यांची एक स्ट्रिप असतेच. त्यात वावगं काही नाही, उलट डेंगूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊ नका असंच डॉक्टर सांगतात, कारण प्लेटलेट्स कमी झालेल्या असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो, मग तापासाठी हातात उरतं ते पॅरासिटामॉलच. पण "ताप उतरूनच नाही राहिला, अजून एक देऊन टाक" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते, आणि का वाटते ते समजायला लिव्हरच्या आत काय चालतं ते बघावं लागेल.

गोष्ट सुरू होते ज्युलियस ॲक्सेलरॉड या माणसापासून. न्यूयॉर्कचा गरीब घरचा मुलगा, मेडिकल कॉलेजांनी ॲडमिशन नाकारली म्हणून खाण्याच्या पदार्थांतले व्हिटॅमिन तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करत होता, तिथेच अमोनियाची बाटली फुटून एका डोळ्याची नजर गेली. 1946 मध्ये त्याला एक प्रश्न सोपवला गेला. ॲसिटॅनिलाइड नावाचं तापाचं औषध 1886 पासून वापरात होतं, पण ते घेऊन काही लोकांचं रक्त बिघडायचं, ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी व्हायची आणि ओठ-नखं निळी पडायची. असं का होतं? ॲक्सेलरॉड बर्नार्ड ब्रॉडी या शास्त्रज्ञाकडे गेला आणि दोघांनी मिळून शोधायला घेतलं की हे औषध शरीरात गेल्यावर त्याचं होतं तरी काय. 1948 मध्ये उत्तर छापून आलं. शरीर त्याचे दोन पदार्थ बनवत होतं, थोडं ॲनिलीन, जे रक्त बिघडवत होतं, आणि बरंचसं पॅरासिटामॉल, ज्याने दुखणं आणि ताप कमी होत होता. म्हणजे इतकी वर्षं लोक गोळी एक खात होते आणि काम दुसरंच करत होतं! पीएचडी नसताना केलेलं हे काम आहे, पीएचडी त्याला नंतर 1955 मध्ये मिळाली आणि 1970 मध्ये मज्जासंस्थेवरच्या वेगळ्या कामासाठी नोबेल. माझ्या मते तरी आपल्या रोजच्या जगण्याशी त्याचं हे पहिलं कामच जास्त जवळचं आहे.

आता पॅरासिटामॉलचं शरीरात काय होतं ते बघू. गोळी पोटातून लिव्हरमध्ये पोचते, तिथे त्यातला बहुतेक भाग, साधारण 90 टक्के, ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेटला जोडला जातो आणि लघवीवाटे निघून जातो. काही त्रास नाही. उरलेला 5 ते 10 टक्के भाग मात्र सायटोक्रोम पी-450 नावाच्या एंझाइमांच्या हाती लागतो, आणि ते त्याचं रूपांतर एका फार चिडक्या रेणूत करतात, ज्याला नॅपक्वी म्हणतात. हा रेणू समोर येईल त्या प्रोटीनला जाऊन चिकटतो आणि पेशी मारतो. एका साध्या गोळीतूनसुद्धा तो थोडा तयार होतोच, तुमच्या-माझ्या लिव्हरमध्ये अनेकदा झालेला आहे. आपल्याला काही होत नाही कारण तिथे ग्लुटाथायोन हजर असतं. तीन अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू, त्यातल्या सिस्टीनवर गंधकाचा एक अणू असतो, तोच नॅपक्वीला पकडतो आणि निकामी करून बाहेर पाठवतो.

अँटिऑक्सिडंट म्हणतात ते हे.

डोस जास्त झाला की सल्फेटचा रस्ता तुंबतो, जास्त औषध पी-450 कडे वळतं, नॅपक्वी वाढतं आणि ग्लुटाथायोन खर्च होत जातं. 1973 मध्ये अमेरिकेत मिचेल, जोलो, गिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर हे फार सुंदर पद्धतीने दाखवलं. उंदरांना हे एंझाइम वाढवणारं औषध आधी दिलं तर तेवढ्याच पॅरासिटामॉलने लिव्हर जास्त खराब झालं, एंझाइम अडवणारं दिलं तर वाचलं. म्हणजे गुन्हेगार पॅरासिटामॉल नाही, त्यापासून बनणारी वस्तू आहे. मग ग्लुटाथायोन मोजलं, तर साधारण 70 टक्के साठा संपेपर्यंत पेशी तग धरत होत्या, त्यानंतर मरायला लागल्या. सिस्टीन दिलं तर पुन्हा वाचल्या. मला हा प्रयोग परत परत वाचावासा वाटतो, चार साधे प्रश्न आणि सगळं चित्र स्वच्छ.

यातूनच इलाज सापडला. एन-ॲसिटिलसिस्टीन, जे आधी छातीतला कफ पातळ करायला वापरत होते आणि आजही मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी गोळी म्हणून मिळतं, ग्लास नाकाजवळ नेला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्यातल्या गंधकाचा. शरीर त्यातून सिस्टीन घेतं आणि नवीन ग्लुटाथायोन बनवतं. जास्त डोस गेल्यापासून 8 तासांच्या आत हॉस्पिटलमध्ये हे सुरू झालं तर लिव्हर जवळपास नेहमीच वाचतं. अडचण अशी की पहिल्या दिवशी माणूस ठीकच दिसतो, फार तर मळमळ, आणि लिव्हरचा खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. त्यामुळे चुकून जास्त गेलंय असं कळलं तर लक्षणांची वाट बघत बसू नका, स्ट्रिप घ्या, किती वाजता किती घेतलं ते सांगा आणि थेट मोठं हॉस्पिटल, नागपुरात असाल तर मेडिकल कॉलेजचं किंवा मेयो, जे जवळ असेल ते गाठा.

घरातला हिशोब पण करून ठेवा. मोठ्या माणसाला 24 तासांत जास्तीत जास्त 4 ग्रॅम, म्हणजे 650 च्या सहा गोळ्यांतच काठावर आलो, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतं ते वेगळंच. रोज दारू पिणाऱ्यात नॅपक्वी बनवणारं एंझाइम वाढलेलं असतं आणि उपाशी माणसात ग्लुटाथायोन कमी असतं, म्हणून अशांनी डॉक्टरला विचारून कमीच घ्यावं, आणि तापात नवरात्राचे कडक उपास तर नकोच. लहान मुलांचं तर अजून जपून, कारण ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं आणि सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 250, तेव्हा सिरपचा चमचा भरून ड्रॉप्स दिले तर एका घोटात 500 गेलं, आणि दहा किलोच्या बाळाचा एक डोस 100 ते 150 च्या आसपास असतो.

आणि ते गोरेपणासाठी ग्लुटाथायोनची सलाईन लावतात ना, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. ग्लुटाथायोन शरीर स्वतः बनवतं, त्याला लागतो प्रोटीनचा कच्चा माल, डाळ, अंडी, दूध. तोंडाने घेतलेलं बरंचसं आतड्यातच तुटतं आणि शिरेतून देणं सुरक्षित आहे असा भक्कम पुरावा नाही.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या हॉस्पिटलांमध्ये किडनी बंद पडून दाखल होत होती, वीसहून जास्त लेकरं गेली. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी औद्योगिक रसायन निघालं, तपासणीत 48.6 टक्के. तिथेही तीच कथा, लिव्हरमधलं एंझाइम त्याचं डायग्लायकोलिक आम्ल बनवतं आणि ते किडनीच्या नळ्या मारतं. ते एंझाइम अडवणारं औषध आहे, फोमेपिझोल, आणि तेच औषध पी-450 मधलं नॅपक्वी बनवणारं एंझाइमही अडवतं, म्हणून पॅरासिटामॉलचा फार मोठा डोस गेलेल्या पेशंटला एन-ॲसिटिलसिस्टीनच्या जोडीला ते देऊन काय फरक पडतो यावर आता संशोधन सुरू आहे.