फाईल आहे, पण नोड नाही: ऑर्ग-रोमच्या दोन आवृत्त्यांमधला घोळ

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ऐन भरात असताना रात्री साडेदहाला मित्राचा फोन आला. "नोटा गेल्या बे माझ्या, सगळ्या." मला वाटलं गर्दीत पाकीट मारलं. तर नोटा म्हणजे ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्राममधली टिपणं. दोन-तीन वर्षांनी नव्या लॅपटॉपवर ऑर्ग-रोम (ईमॅक्समधली टिपणं एकमेकांना जोडणारी जोडणी) टाकलं, जुना फोल्डर जसाच्या तसा कॉपी केला, आणि शोधायला गेला तर यादी कोरी. फोल्डर उघडला तर तीनशेच्या वर फाईली जागच्या जागी.

त्याच्या डोक्यात ऑर्ग-रोमची पहिली आवृत्ती होती आणि यंत्रावर दुसरी. नाव एकच असल्याने हा घोळ अजून चालू आहे. २०२० मध्ये सिंगापूरच्या जेथ्रो क्वान यांनी ऑर्ग-रोम सुरू केलं आणि जुलै २०२१ मध्ये दुसरी आवृत्ती आली. इंटरनेटवर या काळातले धडे एकमेकांत मिसळून पडलेत, त्यामुळे सेटिंगची एक ओळ जुन्या जगातली आणि पुढची नव्या जगातली असं सर्रास होतं. (ऑर्ग-मोड आणि ऑर्ग-रोम यांतही गल्लत होते, पण ती लवकर सुटते. ऑर्ग-मोड हा मूळ मजकुराचा आणि याद्यांचा कारखाना, खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेला. त्यातल्या टिपणांना एकमेकांशी जोडून देणारी जोडणी म्हणजे रोम.)

पहिल्या आवृत्तीत हिशेब सरळ होता. फोल्डरमध्ये ऑर्ग फाईल आहे ना, मग ती एक टीप. दुवा द्यायचा तो फाईलच्या नावाला. ईमॅक्समधूनच नाव बदललं तर रोम दुवे सावरून घ्यायचं. बाहेरून, साध्या फाईल मॅनेजरमधून बदललं, की संपलं. नवी पेठेतलं दुकान हलावं आणि शटरवर 'दुकान स्थलांतरित झाले आहे' असा कागदही कुणी चिकटवू नये, तशी गत. गिऱ्हाईक येतं आणि बंद शटर बघून परत जातं.

दुसऱ्या आवृत्तीत दुवा पत्त्याला जात नाही, दुकानदाराच्या मोबाईल नंबरला जातो. हा नंबर म्हणजे आयडी. फाईलच्या अगदी डोक्यावर प्रॉपर्टीजचा एक छोटा कप्पा असतो आणि त्यात छत्तीस अक्षरांची एक लांबलचक, वाचायला निरुपयोगी ओळख. ज्याला आयडी आहे तो नोड. ज्याला नाही, तो रोमच्या लेखी नाहीच, मग फाईल डिस्कवर कितीही ठसठशीत दिसो. मित्राच्या फाईली होत्या, पण त्यांतली एकही नोड नव्हती.

हा बदल कशासाठी, ते मला माझ्याच एका फाईलवरून कळलं. सोलापूरच्या इतिहासाची टिपणं मी हौसेनं ठेवतो. त्यात 'मार्शल लॉ, १९३०' नावाची फाईल आहे आणि तिच्यात चार मथळे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे. आता शहराच्या वृत्तपत्रांवरच्या टिपेतून मला फक्त कुर्बान हुसेन यांच्याकडे बोट दाखवायचं असलं, तर पहिल्या आवृत्तीत अख्ख्या फाईलकडेच जावं लागे, नाहीतर चौघांच्या चार फाईली करा. मथळ्यांसाठी नंतर थोडी सोय झाली होती, पण घडण फाईलचीच होती. दुसऱ्या आवृत्तीत मथळ्यालाही आयडी देता येतो, आणि तो दिला की मथळा स्वतः नोड. उद्या तो मथळा उचलून दुसऱ्या फाईलमध्ये नेला तरी नंबर सोबत जातो, दुवा चालू राहतो. बाजूच्या खिडकीत 'इकडे कोण-कोण बोट दाखवतंय' ती यादीही आता कर्सर ज्या नोडमध्ये असेल त्याप्रमाणे बदलते. कर्सर शिंदेंवरून हुसेनांवर नेला की यादी वेगळी.

माझं मत विचाराल तर ही सोय मिळाली म्हणून प्रत्येक मथळ्याला आयडी चिकटवू नका. शोधायला जाल तेव्हा 'प्रस्तावना' नावाचे चाळीस नोड समोर येतील. ज्या गोष्टीकडे बाहेरून कधी तरी यावं लागेल, तिलाच द्या.

परत मित्राकडे. मी फोनवरच सांगितलं, "फाईल उघड, ऑर्ग-आयडी-गेट-क्रिएट ही कमांड चालव." पाच मिनिटांनी परत फोन. फाईल अजून दिसत नाही, भलतंच काहीतरी दिसतंय. कर्सर होता एका मथळ्यावर, म्हणून आयडी मथळ्याला मिळाला आणि फाईल उपाशीच राहिली. फाईलला द्यायचा तर कर्सर सर्वात वर, पहिल्या मथळ्याच्याही आधी हवा. चूक माझी, मी सांगितलंच नव्हतं.

तीनशे फाईलींना असं एकेक कोण करत बसणार? त्यासाठी दुसऱ्या आवृत्तीत स्थलांतराचा विझर्ड, म्हणजे सगळं आपोआप करून देणारी कमांड, आहे. तो आधी फोल्डरची प्रत काढतो, मग प्रत्येक फाईलला आयडी देतो, फाईलचे दुवे आयडीचे करतो आणि जुन्या खास ओळी नव्या जागी हलवतो. तरी मी त्याला स्वतःची वेगळी प्रत काढायला लावली. यंत्रावर विश्वास आहे, मित्रावर तेवढा नाही.

आणि रोम नोडांची नोंद ठेवतं तो डेटाबेस? मित्र त्यालाच सर्वात जास्त घाबरत होता. विनाकारण. तो फक्त एसक्यूएलाइटमधली अनुक्रमणिका आहे. पुसला तरी फाईलींवरून पुन्हा उभा राहतो, टिपणं त्यात नसतातच.

त्या जुन्या खास ओळींचा एक काटा मात्र नंतरही टोचला. पूर्वी टॅग आणि टोपणनावांसाठी फाईलच्या वर रोमच्या स्वतःच्या ओळी असत. आता टॅग ऑर्गच्याच नेहमीच्या फाईलटॅगमध्ये आणि टोपणनावं त्या प्रॉपर्टीजच्या कप्प्यात. जुन्या सवयीनं लिहिलेली ओळ दिसते ठीक, काम काहीच करत नाही. आणि कप्प्यात लिहिताना दोन शब्दांचं टोपणनाव दुहेरी अवतरणात टाकावं लागतं. मित्रानं विजापूर रोडकडच्या धर्मवीर संभाजी तलावाच्या नव्या टिपेला 'कंबर तलाव' हे टोपणनाव दिलं, अवतरण विसरला. रोमनं त्याची दोन टोपणनावं केली, 'कंबर' आणि 'तलाव'. दुसऱ्या दिवशी यात्रेवरच्या टिपेत सिद्धेश्वर मंदिराचं आणि तिथल्या तलावाचं वर्णन करताना त्यानं घाईत 'तलाव' निवडून दुवा घातला. आता वाचणारा सिद्धेश्वराच्या पायरीवर उभा असतो आणि क्लिक केलं की थेट विजापूर रोडला उतरतो.