क्लासिक मोटारींचे खरेदी-दुरुस्ती-विक्री कार्यक्रम

जुनी, बहुधा गंजलेली मोटार स्वस्तात विकत घ्यायची, गॅरेजमध्ये ती पुन्हा चालती करायची आणि चार पैसे सुटतील अशा किमतीला विकून टाकायची, हा सगळा व्यवहार कॅमेऱ्यासमोर मांडणारा दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा एक प्रकार. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो ब्रिटन आणि अमेरिकेत रुजला आणि डिस्कव्हरी, हिस्टरी, नॅशनल जिऑग्राफिक अशा वाहिन्यांमुळे जगभर पोहोचला. नव्या गाड्यांचे परीक्षण करणाऱ्या किंवा शर्यती दाखवणाऱ्या कार्यक्रमांहून हा प्रकार वेगळा पडतो तो जमाखर्चामुळे. गाडी कितीला पडली, सुट्या भागांवर किती गेले, विकून हातात किती उरले, या तीन आकड्यांभोवती भाग फिरतो. मात्र या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम बहुतेक वेळा लिहिलीच जात नाही. ती म्हणजे मजुरी.

उगम

जुनी यंत्रे दुरुस्त करताना दाखवण्याची प्रथा याआधीची आहे. ब्रिटनच्या चॅनल ४ वर २००२ ते २००४ या काळात चाललेल्या ‘साल्व्हेज स्क्वॉड’मध्ये मोडीत निघालेली वाहने आणि अवजड यंत्रे दुरुस्त केली जात. पहिल्या मालिकेनंतर सूत्रसंचालक होता ‘मॅडनेस’ या बँडचा गायक सग्ज. त्यात विक्रीचा प्रश्न नव्हता, जुने यंत्र पुन्हा धडधडले की काम फत्ते. दुसरीकडे माइक ब्रूअर हा मूळचा मोटारविक्रेता १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चॅनल ४ वर जुन्या गाड्यांचे सौदे कसे करावेत ते दाखवत होता. दुरुस्ती आणि सौदा हे दोन धागे २००३ मध्ये ‘व्हीलर डीलर्स’ या कार्यक्रमात एकत्र आले.

व्हीलर डीलर्स

या प्रकाराचा साचा याच कार्यक्रमाने घालून दिला. ब्रूअरने गाडी शोधायची, घासाघीस करायची, हातावर हात मारून सौदा पक्का करायचा आणि गाडी मेकॅनिक एड चायनाच्या हवाली करायची. चायनाने ती खोलायची, दोष शोधायचा, ब्रूअरला सुट्या भागांची यादी द्यायची आणि काम तडीस न्यायचे. शेवटी ब्रूअरने गिऱ्हाईक गाठायचे. पहिल्या वर्षी खरेदीचे बजेट होते अवघे हजार पौंड. त्यामुळे पोर्शे ९२४ किंवा प्युजो २०५ जीटीआय अशा, तेव्हा कुणी फारशी किंमत न देणाऱ्या गाड्या पडद्यावर आल्या. पुढे बजेट वाढले, गाड्या महाग झाल्या, आणि शेजारच्या घरासमोर उभी असलेली गाडी आपणही घेऊन दुरुस्त करू शकू ही भावना थोडी पातळ झाली.

कार्यक्रमाचे खरे बळ चायनात होते. साडेसहा फुटांच्या वर उंची, हातात नारिंगी रबरी मोजे, बोलणे शांत. हाच गृहस्थ सोफ्याला इंजिन बसवून तो रस्त्यावर पळवत असे आणि सर्वांत वेगवान फर्निचर म्हणून त्याची गिनीज विक्रमांत नोंदही झाली होती. पण गॅरेजमध्ये तो कधी विदूषकी करत नसे. कोणता नट कोणत्या क्रमाने सोडवायचा, गॅस्केट का फुटले, बेअरिंग दाबून बसवताना जोर नेमका कुठे द्यायचा, हे तो असे समजावून सांगे की ज्याने आयुष्यात पाना हातात धरला नाही त्यालाही कळावे.

२०१४ च्या सुमारास कार्यक्रमाने आपले बिऱ्हाड कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच येथे हलवले. कोरड्या हवेत जपलेल्या, गंज न लागलेल्या गाड्या तिथे मुबलक. मार्च २०१७ मध्ये चायनाने कार्यक्रम सोडल्याचे जाहीर केले. निर्मितीची सूत्रे हाती घेणाऱ्या अमेरिकी वाहिनीला गॅरेजमधले तपशीलवार काम कमी करायचे होते आणि आपल्याला ते मान्य नव्हते, असे कारण त्याने दिले. या प्रकारातला मूळ झगडा इतक्या उघडपणे पुन्हा क्वचितच समोर आला. दुरुस्ती नीट दाखवायची तर चित्रीकरणाचे दिवस वाढतात, दिवस वाढले की खर्च वाढतो, आणि सौद्याचे दृश्य मात्र एका दुपारी उरकते. चायनाच्या जागी अँट अॅन्स्टेड आला. हा एकेकाळचा पोलीस, नंतर गाड्या बांधणारा कारागीर. त्याच्यानंतर मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन संघातील माजी मेकॅनिक मार्क ‘एल्विस’ प्रीस्टली आला आणि कार्यक्रम ब्रिटनमध्ये परतला.

गॅरेजमधले काम

पडद्यावर दोन-तीन मिनिटांत संपणारे काम प्रत्यक्षात किती असते, हे कळायला सिलचे उदाहरण पुरे आहे. दारांखालून गाडीच्या लांबीइतकी जाणारी पत्र्याची पोकळ पेटी म्हणजे सिल. वेगळी चॅसिस, म्हणजे खालची भार पेलणारी चौकट, नसलेल्या गाडीत, विशेषतः उघड्या टपाच्या गाडीत, बराचसा भार तिच्यावर असतो. पाणी निघून जाण्याची भोके चिखलाने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून सडतो, बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून जाणकार खरेदीदार खिशात लोहचुंबक ठेवतो. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नसून रंगाखाली पुट्टी भरलेली असते.

सिल बदलायची म्हणजे आधी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून सांगाडा जखडून ठेवावा लागतो. ते न करता जुना पत्रा कापला तर गाडी मधोमध बसते आणि मग दार काही केल्या लागत नाही. नंतर सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. बाहेरून तळहाताएवढे दिसणारे भोक आत हातभर लांब निघणे नित्याचे. नवा पत्रा बेतायचा, दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी येते का ते तपासायचे, मग वेल्डिंग. तेही सलग नाही, एक टाका इथे, दुसरा तिकडे, पत्रा थंड होऊ द्यायचा, नाहीतर उष्णतेने तो लाटांसारखा वाकडा होतो. शेवटी घासणे, सांधे सीलरने बुजवणे, पोकळीत मेण फवारणे. गाडीच्या एका बाजूला दिवसच्या दिवस जातात. संपूर्ण गाडी खोलून नव्यासारखी करायची तर व्यावसायिक कारागिराचे हजारावर तास सहज लागतात.

त्याच त्या गाड्या पुन्हा पुन्हा का दिसतात, याचे उत्तरही गॅरेजमध्येच सापडते. एमजीबी, मिनी, फोक्सवॅगन बीटल, फोर्ड मस्टँग यांचे जवळजवळ सर्व भाग आजही नवे मिळतात. एमजीबीचे उत्पादन १९८० मध्ये थांबले, तरी ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून मूळ साचे वापरून तिचे संपूर्ण नवे सांगाडे विकायला सुरुवात केली. ज्या गाडीची काच किंवा दिव्याची कड शोधायला वर्ष लागेल, ती गाडी चित्रीकरणाच्या वेळापत्रकात बसत नाही. दुर्मीळ पण अनाथ, म्हणजे ज्यांचे भाग आता कुणी बनवत नाही अशा, गाड्या या कार्यक्रमांत फारशा दिसत नाहीत त्या यामुळेच.

नफ्याचे गणित

समजा गाडी ३,००० पौंडांना घेतली, भाग आणि रंग यांवर २,२०० खर्च झाले आणि ती ६,५०० ला विकली. पडद्यावर १,३०० पौंड नफा झळकतो. आता मेकॅनिकचे १२० तास ताशी ५० पौंडांनी मांडले तर मजुरीच ६,००० होते आणि हा व्यवहार ४,७०० पौंडांच्या खड्ड्यात जातो. गॅरेजचे भाडे, वाहतूक, विमा हे वेगळेच. ‘व्हीलर डीलर्स’मध्ये चायनाची मजुरी धरली जात नसे आणि नियमित प्रेक्षकांना ते ठाऊकही होते. निर्मात्यांच्या दृष्टीने यात लबाडी नाही. घरच्या घरी सुटीच्या दिवशी काम करणारा माणूसही आपले तास मोजत नाही. पण त्याच आकड्यांवर विसंबून धंद्यात उतरणाऱ्याला हे गणित महागात पडते. शिवाय पडद्यावर झळकलेल्या गाडीला त्या प्रसिद्धीचीच वेगळी किंमत येते, ती सामान्य विक्रेत्याला मिळत नाही.

खऱ्या व्यवसायात पैसा बहुधा दुरुस्तीत नसतो, खरेदीत असतो. गाडी कमी भावात पदरात पडली आणि तिला फक्त सफाई, सर्व्हिसिंग, टायर एवढेच लागले, तर व्यापारी सुटतो. असा भाग मात्र पाहायला कंटाळवाणा होईल.

अमेरिकी अवतार

अमेरिकेत या प्रकाराला वेगळे वळण लागले. तिथे आधीपासून ‘मॉन्स्टर गॅरेज’सारखे गाड्यांचे रूप पालटणारे कार्यक्रम होते. २००४ मध्ये टीएलसी या वाहिनीवर आलेल्या ‘ओव्हरहॉलिन’मध्ये डिझायनर चिप फूस आणि त्याचा चमू मालकाला थापा मारून त्याची गाडी पळवत आणि आठवडाभरात नवी करून परत देत. विक्री नव्हती, पण डोक्यावर टांगलेली मुदत आणि शेवटी मालकाच्या डोळ्यांत येणारे पाणी या दोन्ही गोष्टी नंतरच्या कार्यक्रमांनी जशाच्या तशा उचलल्या.

खरेदी-विक्रीचा सर्वांत गाजलेला अमेरिकी कार्यक्रम ‘फास्ट अँड लाउड’. टेक्सासमधील डॅलसच्या गॅस मंकी गॅरेजचा मालक रिचर्ड रॉलिंग्ज आणि कारागीर एरन कॉफमन यांचा हा कार्यक्रम २०१२ ते २०२० या काळात डिस्कव्हरीवर चालला. पैज, आरडाओरडा, बिअर, पाच मिनिटांत ठरणारे सौदे. अपघातात मोडलेली फेरारी एफ४० विकत घेऊन त्यांनी ती काळ्या रंगात उभी केली, तेव्हा शौकिनांमध्ये गहजब उडाला, कारण एफ४० म्हटली की लालच. २०१२ मध्येच हिस्टरी वाहिनीवर लास वेगासच्या डॅनी कोकरचा ‘काउंटिंग कार्स’ सुरू झाला. रस्त्यात आवडलेल्या गाडीच्या मालकाला थांबवून जागच्या जागी भाव विचारायचा ही कोकरची खासियत.

या कार्यक्रमांत विक्रीचे दृश्य पुष्कळदा लिलावात घडते. १९७१ मध्ये सुरू झालेल्या बॅरेट-जॅक्सन या कंपनीचा अॅरिझोनातील स्कॉट्सडेलचा लिलाव तासन्‌तास थेट प्रक्षेपित होऊ लागला, तसे बोली लावणे हाच खेळ झाला. लिलावाच्या रकमेत खरेदीदाराचे आणि विक्रेत्याचे कमिशन असते, हे मात्र आनंदाच्या भरात क्वचितच सांगितले जाते.

इतर धाटण्या

नफा बाजूला ठेवणारी एक शाखाही आहे. २०१३ पासूनच्या ‘कार एसओएस’मध्ये टिम शॉ आणि फझ टाउनशेंड आजारपणामुळे किंवा अडचणीमुळे ज्याची गाडी धूळ खात पडली आहे अशा मालकाची गाडी, नातेवाइकांशी संगनमत करून, गुपचूप दुरुस्त करतात. टाउनशेंड पूर्वी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत असे. मेकॅनिकच्या कामातही त्याचा हात तितकाच बसलेला आहे. ‘बँगर्स अँड कॅश’ (२०१९ पासून) उत्तर यॉर्कशरमधील थॉर्नटन-ल-डेल या गावच्या मॅथ्यूसन कुटुंबाच्या लिलावघराभोवती फिरतो. तिथे कोठारातून, कधी एखाद्याच्या मृत्यूनंतर, बाहेर काढलेल्या गाड्या येतात आणि गाडीइतकीच तिच्या धन्याची हकीकत ऐकू येते. सगळ्यांत कमी गोंगाटाचा आणि बहुधा सगळ्यांत खरा कार्यक्रम तोच. कॅनडाच्या ‘रस्ट व्हॅली रिस्टोरर्स’मध्ये गाड्या जमवणाऱ्या माइक हॉलच्या आवारात चारशेहून अधिक गाड्या गंजत पडलेल्या दिसतात आणि विकायला त्याचे मन होत नाही. नेटफ्लिक्सवरील ‘कार मास्टर्स’मध्ये पैशाऐवजी एक गाडी देऊन दुसरी वरचढ गाडी पदरात पाडण्याची साखळी असते.

अस्सल की सुधारित

दुरुस्ती कुठपर्यंत करायची, यावर शौकिनांत कायम दोन तट असतात. एका बाजूला इंजिन, गिअरबॉक्स यांवरचे क्रमांक गाडीच्या मूळ नोंदीशी जुळले पाहिजेत असा आग्रह धरणारे. ओरेगॉनमधील मार्क वर्मनचा ‘ग्रेव्हयार्ड कार्स’ हा या पंथाचा. त्याच्या गॅरेजात १९७० च्या आसपासच्या क्रायस्लर गाड्यांवर कारखान्यात घाईत उडालेल्या रंगाचे शिंतोडेसुद्धा मुद्दाम तसेच्या तसे उडवले जातात. दुसऱ्या बाजूला ‘रेस्टोमॉड’वाले. बाहेरून जुनी ठेवायची, आत नवे इंजिन, डिस्क ब्रेक, वातानुकूलन बसवायचे. दूरचित्रवाणीला दुसरा तट सोयीचा, कारण बदल डोळ्यांना दिसतो.

हा वाद कायद्यापर्यंतही पोहोचतो. फार बदललेल्या गाडीने मूळ नोंदणी क्रमांक ठेवावा की नाही हे ठरवायला ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गुणपद्धती वापरली गेली. चॅसिस किंवा मोनोकॉक (वेगळ्या चॅसिसविना पत्र्याचाच बनलेला) सांगाड्याला पाच गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनाला एक, आणि किमान आठ हवेत. इंजिनाला सर्वांत कमी मोल, ही गोष्ट पडद्यावर इंजिन क्रेनने वर उचलताना वाजणाऱ्या संगीताशी अजिबात मेळ खात नाही.

परिणाम आणि पुढचा प्रवास

या कार्यक्रमांनी वेल्डिंग, कार्ब्युरेटर जुळवणे, अस्तर शिवणे ही मागे पडत चाललेली कौशल्ये लाखो घरांत दाखवली, हे श्रेय निर्विवाद. त्याचबरोबर आपल्या कोठारातली मोडकी गाडी म्हणजे घबाड आहे अशी समजूतही पसरली आणि घासाघीस अवघड झाली. गॅरेजवाल्यांची नेहमीची तक्रार असते की गिऱ्हाईक येते ते टीव्हीवरचा वेळ आणि टीव्हीवरचा खर्च डोक्यात धरून.

अमेरिकेतील व्हेलॉसिटी ही खास मोटारींची वाहिनी २०१८ मध्ये मोटरट्रेंड झाली. तोवर बराच प्रेक्षक यूट्यूबकडे वळला होता आणि एड चायनाही तिकडे गेला. तिथे ४४ मिनिटांची चौकट नाही. एकाच गाडीचे काम वर्षानुवर्षे चालते, एका गंजलेल्या बोल्टवर अख्खा भाग खर्ची पडतो, आणि गाडी विकली जाईलच असे कुणी गृहीत धरत नाही.