अंगओलाव्यावरचा वाल आणि पानावरचा फवारा

शहापूर-मुरबाडकडे भातकापणी उरकली की खाचरात वाल पडतो. त्याला पाणी द्यायचं नसतं. पावसाने मातीत ठेवलेल्या अंगओलाव्यावर आणि पहाटेच्या दहिवरावर कडवा वाल माघापर्यंत तग धरतो. बांधाला तूर असते, कुठे हरभरा, कुठे चवळी. अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या ठाणे जिल्ह्यात दुष्काळाचं काय, असं घाटावरचे पाहुणे विचारतात. पण तो पाऊस चार महिन्यांत येतो आणि उतारावरून निघून जातो. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. पुढे वैतरणा झाली, भातसा झाली, तरी त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथे रब्बीच्या कडधान्याला पाणी कोण देणार?

म्हणूनच वाल फुलोऱ्यावर आला की दरवर्षी जैवउत्तेजकांच्या, म्हणजे झाडाला ताण सोसायला मदत करणाऱ्या द्रव्यांच्या, फवाऱ्याचा विषय निघतो. दुकानात त्याला सरसकट ‘टॉनिक’ म्हणतात.

या कल्पनेचा उगम शेतात नाही. ओडेसाचे नेत्रतज्ज्ञ व्लादिमीर फिलातोव यांनी १९३० च्या दशकात मांडलं, की ताणाखाली ठेवलेल्या जिवंत ऊतीत चेतना देणारी द्रव्यं तयार होतात. समुद्री शेवाळ शेतात घालायची किनारपट्टीची चाल तर फार जुनी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये शेवाळाचा द्रवरूप अर्क निघाला आणि बाटलीतून विकला जाऊ लागला. पान खरंच काही शोषतं का, ही शंका मिशिगनमधल्या ट्युकी आणि विटवर यांनी १९५० च्या दशकात मिटवली. किरणोत्सारी खुणा लावलेली अन्नद्रव्यं पानावर टाकून ती झाडात कुठवर पोहोचतात, ते त्यांनी दाखवलं. त्याच सुमारास, १९५४ साली, कोमेजलेल्या रायग्रास या गवताच्या पानात प्रोलीन हे अमिनो आम्ल साठल्याचं नोंदवलं गेलं. तहानलेलं झाड पेशीतलं पाणी धरून ठेवायला स्वतःच धडपडतं, हे तिथून पुढे उलगडत गेलं. शेवाळाचे अर्क, अमिनो आम्लं, ग्लायसिन बीटेन (पेशीत पाणी धरायला मदत करणारं द्रव्य) यांचे आजचे फवारे त्याच धडपडीला हात देतात.

कडधान्याची अडचण दुहेरी आहे. ओल कमी झाली की मुळांवरच्या गाठी लवकर मंदावतात आणि हवेतला नत्र मिळेनासा होतो. झाड तहानेबरोबर उपाशीही राहतं, तेही नेमकं शेंगा भरताना. कोरडवाहू हरभऱ्याला फुलोऱ्यात २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, फवारण्याची जुनी शिफारस याच भुकेसाठी. युरिया हे खत झालं. जैवउत्तेजक स्वतः अन्न देत नाही, असलेलं वापरायला मदत करतं. दोन्ही एकाच नावाने विकले जातात तिथे शेतकरी फसतो.

भारतात हे काम पुढे नेलं भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने. कॅपाफायकस या लाल शेवाळाचा ताजा रस काढायची पद्धत तिथे विकसित झाली. पावसाच्या भरवशावरच्या सोयाबीनवर १५ टक्के रस फवारला तेव्हा न फवारलेल्या पिकापेक्षा ५७ टक्के जास्त दाणा मिळाल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. आकडा मोठा आहे, पण तो एका प्रयोगाचा आहे. वालावर तसाच मिळेल असं मानून पंप उचलू नये.

बाजार मात्र कायद्याच्या फार पुढे पळाला. २०२१ च्या फेब्रुवारीत जैवउत्तेजकं केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली, तोवर कुणीही काहीही बाटलीत भरत होतं. २०२५ च्या जूनमध्ये तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली आणि हजारो उत्पादनं गळाली. हे फार आधी व्हायला हवं होतं. एका वर्षी आम्हीही दुकानदाराच्या शब्दावर अशी एक बाटली आणली होती. तपकिरी द्रव, मासळीसारखा वास, आत काय आहे ते लेबलवर नाही. वाल हिरवागार माजला, फुलं गळाली आणि बिरड्यापुरत्या शेंगा घरात आल्या.

त्यानंतर आम्ही आधी माती बघतो. विळ्याच्या टोकाने वीतभर उकरायचं, मूठ आवळायची. लाडू वळला तर फवारा, भुगा झाला तर नाही. पान दुपारी मिटून संध्याकाळी उघडतंय तोवरच तो घ्यायचा, दहिवर वाळल्यावर किंवा उन्हं कलल्यावर. पान लोंबलं, की वरून टाकलेलं आत फारसं जात नाही.

गेल्या मार्गशीर्षात नोंदणी झालेला शेवाळअर्क आणला आणि दोन्ही तुकड्यांत मधल्या चार-चार ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. खालच्या खाचरात, ओढ्याच्या बाजूला, फवारलेल्या ओळींना शेंगा जास्त धरल्या, नजरेला कळण्याइतक्या. वरच्या माळावर माती पौषातच भेगाळली होती. तिथे फवारलेला आणि कोरा वाल एकाच आठवड्यात वाळला.