होम्स, लॅरी

लॅरी होम्स (जन्म ३ नोव्हेंबर १९४९) हा अमेरिकन व्यावसायिक मुष्टियोद्धा जून १९७८ ते सप्टेंबर १९८५ अशी सलग सात वर्षे हेवीवेट या सर्वांत वजनदार गटाचा जगज्जेता होता. या काळात त्याने आपले विजेतेपद २० वेळा राखले. मार्विस फ्रेझरविरुद्धची, वर्ल्ड बॉक्सिंग काउन्सिलची (जगज्जेतेपद देणाऱ्या संघटनांपैकी एक) मान्यता नसलेली लढत वगळल्यास ही संख्या १९ भरते. सलग बचावांच्या बाबतीत या गटात त्याच्यापुढे एकटा जो लुईस (२५) आहे. असे असूनही मुहम्मद अलीनंतर थेट माइक टायसनचे नाव घेणारे क्रीडारसिक जगभर आढळतात आणि मुंबईही त्याला अपवाद नाही.

होम्सचा जन्म जॉर्जिया राज्यातील कथबर्ट या गावी झाला. तो लहान असतानाच बारा भावंडांचे हे कुटुंब पेनसिल्व्हेनियातील ईस्टन या डेलावेअर आणि लीहाय नद्यांच्या संगमावरील औद्योगिक शहरात स्थलांतरित झाले. सातवीत शाळा सोडून तो मोटारी धुण्याच्या केंद्रावर तासाला एक डॉलर मजुरीने राबू लागला. पुढे त्याने मालट्रकही चालवला. हौशी मुष्टियुद्धात त्याला फार मोठे यश मिळाले नाही. १९७२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत ड्युएन बॉबिकला वारंवार मिठी मारून धरल्याबद्दल त्याला बाद ठरवण्यात आले आणि 'मनाने कच्चा' हा शिक्का त्याच्यावर बसला, तो पुसायला पुढे सहा वर्षे लागली. मार्च १९७३ मध्ये स्क्रँटन येथे तो पहिली व्यावसायिक लढत खेळला आणि जिंकला. त्या विजयाचे मानधन होते ६३ डॉलर. मिळकत पुरेशी नसल्याने तो अली, जो फ्रेझर आणि अर्नी शेव्हर्स अशा नामवंतांचा सरावातला जोडीदार म्हणून काम करू लागला. पेनसिल्व्हेनियातीलच डियर लेक येथील अलीच्या सराव-छावणीत घालवलेल्या काळाने त्याला पायांची हालचाल आणि अंतर राखण्याची कला शिकवली. 'अलीची नक्कल' हा पुढे आयुष्यभर चिकटलेला आरोपही तेथूनच आला.

हा आरोप कितपत खरा, हे तपासायचे तर होम्सचा जॅब नीट पाहावा लागतो. जॅब म्हणजे पुढच्या हाताने, उजव्या हाताच्या खेळाडूच्या बाबतीत डाव्या हाताने, खांद्यापासून सरळ रेषेत मारलेला आणि त्याच रेषेत तितक्याच वेगाने मागे घेतलेला ठोसा. सामान्य खेळाडू त्याचा उपयोग अंतर मोजण्यासाठी आणि उजव्या हाताची वाट मोकळी करण्यासाठी करतो. होम्सच्या हातात तो मुख्य शस्त्र झाला. सुमारे १९१ सेंटिमीटर उंची आणि सुमारे २०६ सेंटिमीटर बाहूंचा विस्तार लाभलेला हा खेळाडू डावा हात कमरेजवळ सैल सोडून उभा राही आणि तेथूनच तो असा उसळवी, की प्रतिस्पर्ध्याला त्याचा उगम दिसत नसे. मागच्या पायाने दिलेला रेटा आणि खांद्याचा फिरणारा भार त्यात उतरल्यामुळे तो नुसता टोचत नसे, डोके मागे फेकत असे. अलीचा जॅब चपळ होता, पण तो बहुधा झटक्याचा. होम्सचा जॅब अलीच्या जॅबइतकाच चपळ असून त्याहून जड होता. हेवीवेटच्या इतिहासातील सर्वोत्तम जॅब कोणाचा, या प्रश्नावर अनेक जाणकार अलीला ओलांडून होम्सचे नाव घेतात, ते यामुळेच. अडचण एवढीच, की पंधरा फेऱ्या तोच ठोसा पुन्हा पुन्हा बसताना पाहणे सर्वांनाच रोमहर्षक वाटत नाही. मुंबईच्या मैदानी क्रिकेटमध्ये 'खडूस' हा शब्द पदवीसारखा मिरवला जातो: विकेट फेकायची नाही, समोरच्याला फुकटात काही द्यायचे नाही, आणि तो वैतागेपर्यंत आपले काम सोडायचे नाही. होम्सच्या शैलीचे वर्णन करणारा याहून नेमका शब्द मराठीत सापडणे कठीण आहे.

विजेतेपदापर्यंतचा त्याचा मार्ग सत्तरच्या दशकातील गोंधळातून गेला. १९७८ मध्ये अलीला हरवणाऱ्या लिऑन स्पिंक्सने पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर केन नॉर्टन याच्याऐवजी पुन्हा अलीशीच लढायचे ठरवल्याने वर्ल्ड बॉक्सिंग काउन्सिलने आपले विजेतेपद त्याच्याकडून काढून रिंगबाहेरच नॉर्टनला बहाल केले. मार्चमध्ये शेव्हर्सला गुणांवर हरवून होम्सने आव्हानाचा हक्क मिळवला आणि ९ जून १९७८ रोजी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये तो नॉर्टनसमोर उभा राहिला. सरावात डाव्या दंडाला दुखापत झालेली असतानाही त्याने जॅब थांबवला नाही. तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर निकाल १४३–१४२ असा एकेका गुणाच्या फरकाचा होता. दोघांनी होम्सला कौल दिला, एकाने नॉर्टनला. दोघेही दमून गेलेले असताना ज्या आवेशाने ते शेवटच्या फेरीत एकमेकांवर तुटून पडले, त्यामुळे ती पंधरावी फेरी हेवीवेटमधील अविस्मरणीय फेऱ्यांत गणली जाते. 'मनाने कच्चा' हा शिक्का त्या रात्री पुसला गेला.

पुढच्या आठही बचावांत त्याने एकाही आव्हानवीराला अखेरपर्यंत टिकू दिले नाही. त्यांपैकी सप्टेंबर १९७९ मधील शेव्हर्सविरुद्धची दुसरी लढत विशेष उल्लेखनीय आहे: सातव्या फेरीत शेव्हर्सचा उजवा ठोसा बसून होम्स असा कोसळला, की पाहणाऱ्यांना लढत संपल्यासारखे वाटले, पण तो उठला, ती फेरी त्याने काढली आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सलाच थांबवले.

या मालिकेतील आठवा आव्हानवीर होता मुहम्मद अली. मुंबईतील मराठी वाचकाच्या दृष्टीने होम्सची शोकांतिका इथे सुरू होते. जानेवारी १९८० मध्ये अली भारतात आला होता आणि दिल्लीत भारतीय मुष्टियोद्धा कौरसिंग याच्याशी प्रदर्शनीय लढत खेळला होता. त्याच्याभोवतीचे वलय ज्यांनी अनुभवले, त्यांना आठच महिन्यांनी, २ ऑक्टोबर रोजी, लास वेगासहून आलेली बातमी वाचावी लागली. ३८ वर्षांच्या, वजन घटवण्याच्या प्रयत्नात आणि औषधांच्या परिणामाने खंगलेल्या अलीला दहा फेऱ्यांपैकी एकही फेरी मिळाली नाही आणि दहाव्या फेरीनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. होम्सने हात आखडते घेतल्याचे आणि लढत थांबवावी म्हणून पंचाकडे पाहिल्याचे अनेकांनी नोंदवले आहे. लढतीनंतर तो रडला. जगाने मात्र त्याच्या खाती जमा केला तो एका दैवताचा पराभव. हरला असता तर नक्कल ठरला असता. जिंकल्यावर निष्ठुर ठरला.

दुसरी कसोटी ११ जून १९८२ रोजी झाली. आयरिश वंशाचा, अपराजित आणि वर्षभरापूर्वी नॉर्टनला अवघ्या ५४ सेकंदांत लोळवणारा गेरी कूनी हा गोऱ्यांचा आशास्थान म्हणून पुढे आणला गेला आणि लढतीची जाहिरात उघडपणे वर्णभेदाच्या आधारे केली गेली. विजेत्याची ओळख शेवटी करून देण्याचा संकेत मोडून रिंगमध्ये होम्सचे नाव आधी पुकारण्यात आले. दुसऱ्याच फेरीत होम्सने त्याला खाली पाडले. पण कूनी शूर निघाला आणि लढत तेराव्या फेरीपर्यंत चालली, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाने रिंगमध्ये शिरून ती संपवली. कमरेखाली ठोसे मारल्याबद्दल कूनीचे तीन गुण कापले नसते, तर त्या क्षणी दोन पंचांच्या गुणपत्रकांवर तो आघाडीवर असता, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनीही लक्षात ठेवायला हवी. दोघांत पुढे घट्ट मैत्री झाली, हेही येथे नोंदवणे योग्य.

त्यानंतरची वर्षे उतरणीची होती, पण उतरण सावकाश होती. टिम विदरस्पून (१९८३) आणि कार्ल विल्यम्स (१९८५) या तरुणांविरुद्ध तो कसाबसा निसटला; विदरस्पूनने ती लढत जिंकली होती असे मानणारे आजही आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग काउन्सिलशी बिनसल्यावर त्याने तिचे विजेतेपद सोडून नव्याने स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनची मान्यता स्वीकारली. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन या तिसऱ्या संघटनेचा विजेता गेरी कोट्झी याच्याशी १९८४ मध्ये ठरलेली एकत्रित विजेतेपदाची लढत पैशाअभावी बारगळली. निर्विवाद जगज्जेता म्हणून उभे राहण्याची संधी अशी हुकली आणि त्याची कारकीर्द तोलताना ही उणीव मान्य करावीच लागते.

२१ सप्टेंबर १९८५ रोजी ४८ विजय आणि शून्य पराभव अशा नोंदीसह तो मायकेल स्पिंक्सला सामोरा गेला, तेव्हा रॉकी मार्सियानोच्या ४९–० या विक्रमाशी बरोबरी करायला एकच विजय हवा होता. मार्सियानोची अखेरची लढत बरोबर तीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला झाली होती. खालच्या, लाइट हेवीवेट गटातून आलेल्या स्पिंक्सने गुणांवर निसटता विजय मिळवला. त्या गटाच्या विद्यमान विजेत्याने हेवीवेटचे विजेतेपद जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या रात्री पत्रकारांसमोर होम्सने मार्सियानोला आपला लंगोट उचलण्याचीही लायकी नसल्याचे सुनावले. त्याने नंतर माफी मागितली, तरी सात वर्षांत जॅबने कमावलेले बरेचसे त्या एका वाक्याने घालवले. एप्रिल १९८६ मधील दुसऱ्या लढतीत पंचांनी विभागून स्पिंक्सलाच कौल दिला. त्या निकालावर होम्सचा संताप मात्र अनेक निरीक्षकांना रास्त वाटला.

२२ जानेवारी १९८८ रोजी, जवळपास दोन वर्षांच्या निवृत्तीनंतर, तो अटलांटिक सिटीत २१ वर्षांच्या टायसनसमोर उतरला. अली त्या वेळी प्रेक्षकांत होता. होम्सचे वय ३८ होते, म्हणजे आठ वर्षांपूर्वी अलीचे होते तेवढेच. चौथ्या फेरीत तो बाद झाला. ७५ लढतींच्या कारकिर्दीत त्याला वेळेआधी थांबवले गेले ते एवढ्या एकदाच. भारतातील बहुसंख्य प्रेक्षकांच्या मनात होम्सची दृश्य प्रतिमा हीच राहिली, याचे कारण तांत्रिक आहे. त्याच्या उमेदीच्या वर्षांत मुंबईच्या घरांत फक्त दूरदर्शन होते आणि परदेशी व्यावसायिक मुष्टियुद्ध ही वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरची चार ओळींची बातमी असे. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा जुन्या लढतींच्या चित्रफितींत टायसनचे नॉकआउट पुन्हा पुन्हा दिसत आणि त्यांत पडणारा माणूस होम्स असे. मुंबईकराला डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचे उदाहरण चटकन आठवावे: तशीच गोलंदाजी करणाऱ्या बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्यामुळे त्यांना कसोटी खेळायला मिळाली नाही. होम्सचे दुखणे थोडे वेगळे होते. त्याला संधी मिळाली, पट्टा मिळाला, पैसाही मिळाला. फक्त काळ मिळाला तो दोन वादळांमधला.

टायसननंतरही तो संपला नव्हता. फेब्रुवारी १९९२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याने ऑलिंपिक सुवर्णविजेत्या आणि तोवर अपराजित असलेल्या रे मर्सरला दोरांना पाठ लावून, थकवून, गुणांवर हरवले. पायांनी साथ सोडली तरी डोके आणि डावा हात शाबूत असल्याचा हा वस्तुपाठ होता. त्याच वर्षी इव्हँडर होलिफील्ड आणि १९९५ मध्ये ऑलिव्हर मॅकॉल या जगज्जेत्यांना त्याने पूर्ण बारा फेऱ्या झुंजवले. अखेरची लढत तो जुलै २००२ मध्ये एरिक एश याच्याविरुद्ध जिंकला. ६९ विजय, त्यांतील ४४ नॉकआउट, आणि ६ पराभव अशी त्याची एकूण नोंद आहे. २००८ मध्ये इंटरनॅशनल बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

समकालीन अनेक विजेते कफल्लक झाले असताना होम्सने मिळकत ईस्टनमधील इमारतींत गुंतवली आणि तो त्याच शहरात राहिला. डेलावेअर नदीकाठच्या रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले असून डिसेंबर २०१५ मध्ये शहरात त्याचा पुतळा उभारण्यात आला.