कंद लावताय? आधी खारीचा बंदोबस्त करा

ट्युलिप, क्रोकससारख्या फुलांचे कंद लावून चार दिवस होत नाहीत तोच ग्राहकांचे फोन सुरू होतात. वाफा उकरलाय, अर्धे कंद गायब आहेत, आता काय करू? म्हणून हे पत्रक कंदांच्या पिशवीसोबतच देतो आहोत. लागवडीच्या आधी वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

खार उकरते कशासाठी

बऱ्याच जातींच्या खारी दाणे आणि कवचाची फळं एकेक करून वेगवेगळ्या जागी पुरून ठेवतात. नंतर काही जागा आठवणीने सापडतात, काही वासाने. त्यामुळे नुकतीच हलवलेली भुसभुशीत माती दिसली की इथे कोणीतरी काहीतरी पुरलंय, असं खारीला वाटतं. तिचा अंदाज चुकीचाही नसतो! कधी कंद खाल्ला जातो, कधी नुसता उपटून बाजूला टाकला जातो, तर कधी त्याच मऊ मातीत ती स्वतःचा दाणा पुरून जाते. सगळ्यात जास्त धोका लागवडीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत असतो. माती बसली, वास गेला की तिचं लक्ष कमी होतं. पुढे कोंब वर येऊ लागले की पुन्हा एकदा नजर ठेवावी लागते.

उकरणारी खारच आहे ना, हे मात्र आधी पाहून घ्या. खार दिवसा हिंडते आणि तिचे खड्डे लहान, उथळ असतात. रात्रीत वाफ्याची उलथापालथ झाली असेल किंवा मातीत बिळं दिसत असतील, तर तो उंदीर-घुशींचा उद्योग असू शकतो. ते खालून येतात, त्यामुळे नुसतं वरून झाकून भागत नाही. तिथे कंद जाळीच्या बंद टोपलीत लावावे लागतात.

लावताना

कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल लावा. ट्युलिप 15 ते 20 सेंटिमीटर खोल गेला तर खार सहसा तिथवर पोचायचा कंटाळा करते. क्रोकसचा कंद छोटा, तो इतका खोल लावता येत नाही, म्हणून सगळ्यात आधी तोच जातो. माती लोटल्यावर हाताने नीट दाबा, भरपूर पाणी घाला आणि वर पालापाचोळा पसरा, म्हणजे ताजी माती उघडी दिसणार नाही. कंदाचे गळून पडलेले कागदासारखे पापुद्रे मातीवर ठेवू नका, वेचून दूर टाका. त्यांच्या वासानेच खारीला पत्ता लागतो. हाडांचा चुरा खत म्हणून घालायची सवय असेल तर या वाफ्यात टाळा. त्याच्या वासानेही जनावरं उकरायला येतात.

जाळी: आमचा भरवसा हिच्यावरच

इतर उपाय जमलं तर करा, पण जाळी चुकवू नका. गॅल्व्हनाइज्ड तारेची, साधारण 2.5 सेंटिमीटर भोकांची चिकन मेश घ्या. याहून मोठ्या भोकांतून खारीचा पंजा आत जातो आणि फार बारीक भोकांतून जाड कोंबाला वर यायला जागा मिळत नाही. जाळी वाफ्यापेक्षा चारी बाजूंनी वीतभर जास्त कापा. हातमोजे घाला, कापलेली तार बोटात घुसते. जाळी मातीवर सपाट अंथरा, कडा खाली दुमडून मातीत गाडा आणि मधेमधे यू आकाराच्या खिळ्यांनी पक्की करा. एक कोपरा जरी सैल राहिला तरी खार नेमकी तिथूनच आत शिरते. वरून पालापाचोळा टाकला की जाळी दिसतही नाही.

कोंब बोटभर वर आले की जाळी अलगद उचलून घ्या. ट्युलिपचं पान पसरल्यावर काढायला गेलात तर पानं फाटतील. कुंडीत जाळीचा गोल तुकडा कापून कंदांच्या वर, मातीच्या पृष्ठभागाखाली बसवा आणि त्यावर बारीक खडीचा थर द्या.

कोणते कंद निवडावेत

ट्युलिप आणि क्रोकस खारीला फार आवडतात. डॅफोडिलच्या कंदात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्यामुळे खार त्याला सहसा तोंड लावत नाही. अ‍ॅलियम कांद्या-लसणाच्या कुळातलं, त्याचा उग्र वासही तिला रुचत नाही. ट्युलिपभोवती डॅफोडिलची रांग लावली की संरक्षण होतं, असं बरेच जण सांगतात. आमच्या मते त्यावर विसंबू नये, कारण खार रांग ओलांडून आत जाते. आणि डॅफोडिलचा कंद माणसांनाही विषारी असतो. स्वयंपाकाच्या कांद्याशेजारी चुकूनही ठेवू नका.

मिरचीपूड आणि डांबरगोळ्या

मिरचीतल्या कॅप्सेसिनने खारीचं तोंड भाजतं, पक्ष्यांना ते जाणवत नाही. पण एका पावसात किंवा पाणी घालताना ती धुऊन जाते, आणि वाऱ्यावर उडाली तर तुमच्याच डोळ्यांत जाते. फवारण्यांचंही तसंच, पुन्हा पुन्हा माराव्या लागतात. जाळी लावली असेल तर फवारणीची बाटली आमच्याकडूनही घेऊ नका. डांबरगोळ्या मात्र वाफ्यात अजिबात टाकू नका. त्या विषारी असतात, मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या तोंडात जाऊ शकतात.

कंद उकरले गेले असतील तर

मातीवर पडलेले कंद उन्हात सुकायच्या आत गोळा करा. प्रत्येक कंद उलटा करून तळाची चकती पाहा, मुळं तिथूनच फुटतात. चकती शाबूत असेल आणि कंद दाबून घट्ट लागत असेल, तर वरून थोडा कुरतडलेला असला तरी चालेल. जखम सावलीत एक दिवस सुकू द्या आणि मग पुन्हा लावा. तळच खाल्ला असेल किंवा कंद मऊ पडून वास येत असेल तर तो टाकून द्या, नाहीतर कुज शेजारच्या कंदांना लागते. पुन्हा लावलेल्या जागेची माती परत ताजी झालेली असते, तेव्हा जाळी त्याच दिवशी घाला.